पाठीत टायटॅनियम की कार्बन फायबर? मणक्याच्या ट्यूमर सर्जरीतलं 'न दिसणारं' इम्प्लांट

मागच्या वर्षी एका रात्री व्हॉट्सॲपवर आत्याचा एमआरआय रिपोर्ट आला. आमच्या घरात कुठलीही पीडीएफ आली की ती माझ्याकडे फॉरवर्ड होते, कारण "हा कॉम्प्युटरवाला आहे, याला कळेल". मला मेडिकलमधलं काही कळत नाही. मी गोदामातल्या पार्सलचे फोटो तपासणारं सॉफ्टवेअर लिहितो. पण त्या रिपोर्टमधली एक ओळ मला अगदी नीट कळली.

आत्याला आधी स्तनाचा कॅन्सर झाला होता. तो पुढे मणक्यात पसरला, ऑपरेशन झालं, टायटॅनियमचे स्क्रू आणि रॉड बसले, मग रेडिएशन झालं. दीड वर्ष बरं गेलं आणि पाठ परत दुखायला लागली. सगळ्यांच्या डोक्यात एकच प्रश्न होता, गाठ परत आली का? रिपोर्ट म्हणत होता की ज्या मणक्यावर ऑपरेशन झालंय नेमक्या त्याच भागात धातूमुळे चित्र बिघडलं आहे, त्यामुळे तिथलं खात्रीने सांगता येत नाही. जिथे बघायचं होतं तिथेच दिसत नव्हतं.

कार्बन फायबर इम्प्लांट ही गोष्ट याच अडचणीसाठी आहे. कार्बन फायबर म्हटलं की आपल्याला रेसिंग कार, महागडी सायकल, ड्रोन आठवतं. हलकं आणि मजबूत. मणक्याच्या ट्यूमर सर्जरीत मात्र वजन वाचवायला ते कुणी वापरत नाही, आणि मजबुतीला टायटॅनियम पुरेसं असतं. ते वापरतात कारण स्कॅन आणि रेडिएशन या दोन्हींच्या वाटेत ते जवळजवळ येत नाही. हे 'वाटेत येणं' म्हणजे नक्की काय, ते या लेखात बघू. थोडं फिजिक्स आहे, पण फोनचा कॅमेरा वापरणाऱ्याला जड जाणार नाही.

मुळात स्क्रू लागतात कशाला?

मणक्यातच सुरू होणारे कॅन्सर कमी असतात. बहुतेक वेळा कॅन्सर स्तन, फुप्फुस, प्रोस्टेट, किडनी अशा ठिकाणी सुरू होतो आणि रक्तातून मणक्यात येऊन बसतो. याला मेटास्टॅसिस म्हणतात. तिथे बसलेली गाठ हाड पोखरते आणि त्यातून दोन वेगवेगळ्या भानगडी होतात. एक म्हणजे हाड खचतं आणि उठता-बसता जीव जातो. दुसरी जास्त गंभीर. मणक्यांच्या पोकळीतून मज्जारज्जू जातो, मेंदूकडून पायांकडे जाणारी मेन केबल. गाठ त्यावर दाबली की पायातली ताकद जाऊ शकते, लघवी-संडासवरचा ताबाही जाऊ शकतो. (कॅन्सरच्या पेशंटचे पाय अचानक लटपटायला लागले तर 'उद्या बघू' म्हणायचं नाही. त्याच दिवशी हॉस्पिटल.)

मणका किती डळमळीत झाला आहे हे ठरवायला डॉक्टर 'सिन्स' नावाचा स्कोअर वापरतात. तो २०१० मध्ये आला आणि ० ते १८ असा मोजतात. ६ पर्यंत मणका स्थिर, ७ ते १२ म्हणजे सर्जनला दाखवा, १३ किंवा त्याहून जास्त म्हणजे अस्थिर. अस्थिर मणक्याला रेडिएशनने किंवा गोळ्यांनी आधार मिळत नाही. खांब खचला असेल तर टेकू द्यावा लागतो. म्हणून वरच्या आणि खालच्या चांगल्या मणक्यांत स्क्रू बसवून त्यांना दोन उभ्या रॉडने जोडतात. गावाकडे याला सरसकट 'पाठीत स्टील टाकलंय' म्हणतात, पण आजकाल ते बहुतेक वेळा टायटॅनियमचं असतं.

ऑपरेशनने फरक पडतो का? २००५ साली 'लॅन्सेट'मध्ये १०१ रुग्णांचा एक अभ्यास आला होता. मज्जारज्जू दाबला गेलेल्या रुग्णांत नुसत्या रेडिएशननंतर ५७ टक्के चालू शकत होते, आधी ऑपरेशन आणि मग रेडिएशन घेतलेल्यांत ८४ टक्के. तेव्हापासून ऑपरेशनकडे बघण्याची नजर बदलली.

त्यानंतर ऑपरेशनसुद्धा बदललं. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग कॅन्सर सेंटरमधल्या डॉक्टरांनी 'सेपरेशन सर्जरी' नावाची पद्धत रुळवली. यात पूर्ण गाठ काढायच्या मागे लागत नाहीत. मज्जारज्जू आणि गाठ यांच्यात काही मिलिमीटरची फट तयार करतात, मणका स्क्रू-रॉडने पक्का करतात आणि थांबतात. उरलेली गाठ नंतर अतिशय नेमक्या आणि जोरदार रेडिएशनने मारायची. या रेडिएशनला एसबीआरटी म्हणतात.

इथे साखळी लक्षात घ्या. ऑपरेशनचं यश रेडिएशनवर अवलंबून, रेडिएशन स्कॅनवर अवलंबून, आणि स्कॅनच्या बरोबर मध्यभागी आपणच बसवलेले स्क्रू.

धातू सीटी स्कॅन कसा बिघडवतो

सीटी स्कॅन हा फोटो नसतो. तो हिशोब असतो. मशीन तुमच्याभोवती फिरत शेकडो कोनांतून एक्स-रे सोडतं आणि पलीकडे किती पोचले ते मोजतं. या मोजमापांवरून आत प्रत्येक ठिकाणी काय असेल ते कॉम्प्युटर काढतो. ही कल्पना प्रत्यक्षात आणली ती गॉडफ्रे हाउन्सफील्ड या इंजिनिअरने, ईएमआय या ब्रिटिश कंपनीत. हो, बीटल्सच्या रेकॉर्ड काढणारी तीच ईएमआय. १ ऑक्टोबर १९७१ ला लंडनमध्ये पहिल्या पेशंटचा स्कॅन झाला आणि १९७९ ला हाउन्सफील्डला नोबेल मिळालं, तेही वैद्यकशास्त्राचं. इंजिनिअरिंगवाल्यांना अधूनमधून अशा गोष्टी आठवून बरं वाटतं.

सीटीच्या प्रत्येक पिक्सेलला एक आकडा असतो, त्याला हाउन्सफील्ड युनिट म्हणतात. पाणी ०, हवा उणे १०००, हाड काहीशेपासून हजाराच्या वर. आता एक्स-रे किती शोषला जातो हे बऱ्याच अंशी अणुक्रमांकावर ठरतं. कमी ऊर्जेच्या एक्स-रेच्या बाबतीत ते अंदाजे अणुक्रमांकाच्या तिसऱ्या घाताने वाढतं. कार्बनचा अणुक्रमांक ६, टायटॅनियमचा २२. भागाकार साधारण ३.७ आणि त्याचा घन सुमारे ४९. त्यात टायटॅनियमची घनताही कार्बन फायबरच्या मटेरियलपेक्षा जवळपास तिप्पट. म्हणजे एक्स-रेच्या दृष्टीने एक काच आणि दुसरी भिंत.

भिंतीमागे दोन गोष्टी होतात. पहिली, काही कोनांतून जवळजवळ काहीच एक्स-रे पलीकडे पोचत नाहीत. हिशोबात या मोजमापाचा लॉगरिदम घ्यावा लागतो. आणि शून्याच्या जवळच्या आकड्याचा लॉग घेतल्यावर काय होतं हे कोड लिहिणाऱ्या कुणालाही विचारा. छोटीशी चूक प्रचंड मोठी होते. दुसरी, धातू कमजोर एक्स-रे आधी गाळून टाकतो आणि तगडे तेवढे पुढे जातात. हिशोब मात्र सगळे सारखेच आहेत असं धरून चाललेला. या दोन्हींमुळे चित्रात स्क्रूभोवती काळे-पांढरे पट्टे येतात. रात्री समोरच्या गाडीचा हेडलाइट लेन्समध्ये आला की फोटोत जशा रेघा उठतात आणि शेजारचा माणूस दिसेनासा होतो, साधारण तसंच. फरक एवढाच की इथे शेजारी मज्जारज्जू असतो.

आणखी एक गंमत आहे जी मला, सॉफ्टवेअरवाला म्हणून, जास्त टोचली. नेहमीच्या सीटीत प्रत्येक पिक्सेलला १२ बिट मिळतात, म्हणजे ४०९६ वेगवेगळे आकडे, उणे १०२४ पासून ३०७१ पर्यंत. टायटॅनियमचा खरा आकडा याच्या बराच वर जातो. मग काय होतं? तो ३०७१ वरच कापला जातो. ओव्हरएक्स्पोज झालेल्या फोटोत ढग आणि आकाश दोन्ही पांढरंफटक होतं तसं. फाइलमध्ये ३०७१ लिहिलंय म्हणजे तो आकडा खरा आहे असं नाही, 'याच्या वर कितीही' असा त्याचा अर्थ.

(टायटॅनियमची बाजू घ्यायची तर स्टील आणि कोबाल्ट-क्रोम याहून वाईट आहेत. टायटॅनियमचा शेजारी कॅल्शियम, अणुक्रमांक २०, आपल्या हाडात असतोच. म्हणून टायटॅनियम धातूंमध्ये त्यातल्या त्यात बरा.)

"मग एआयने साफ करा की!"

हे मला मित्रांनी लगेच विचारलं. साफ करणारे अल्गोरिदम आहेत आणि चांगले आहेत. स्कॅनर कंपन्या 'मेटल आर्टिफॅक्ट रिडक्शन' नावाने ते देतात. त्यातली एक जुनी पद्धत अशी, की कच्च्या डेटामधला धातूने खराब झालेला भाग ओळखायचा, तो फेकायचा आणि आजूबाजूच्या डेटावरून तो भाग भरून काढायचा.

तुमच्या फोनमधलं ऑब्जेक्ट इरेझर हेच करतं. गड-किल्ल्याच्या फोटोतून मागचा अनोळखी माणूस पुसतो तेव्हा त्या माणसामागे खरंच काय होतं हे फोनला माहीत नसतं. तो तटबंदीसारखं दिसणारं काहीतरी भरतो. इन्स्टाग्रामला तेवढं पुरतं. पण पुसलेल्या जागेत ८ मिलिमीटरची गाठ असेल तर? अल्गोरिदम तिला गुळगुळीत करून टाकू शकतो, किंवा नसलेली सावली तयार करू शकतो. दोन वेगळ्या ऊर्जांचे एक्स-रे वापरणारे ड्युअल एनर्जी सीटी यापेक्षा जास्त प्रामाणिक, कारण ते खरोखर जास्त माहिती गोळा करतात. तरी जो एक्स-रे पलीकडे पोचलाच नाही, त्याची माहिती कुठलंच सॉफ्टवेअर परत आणत नाही. आमच्या धंद्यात याला 'इनपुटच कचरा' म्हणतात.

एमआरआयमध्ये वेगळंच दुखणं

आधी एक भीती काढून टाकू. टायटॅनियम चुंबकाला चिकटत नाही, त्यामुळे 'एमआरआयमध्ये स्क्रू उपटून येईल' असं काही नसतं. मशीनवाल्यांना इम्प्लांटबद्दल आधी सांगायचं, एवढं पुरे.

अडचण चित्राची आहे. एमआरआय आपल्या शरीरातल्या हायड्रोजनकडून आलेले रेडिओ सिग्नल ऐकतं. कुठला सिग्नल कुठून आला हे ते फ्रिक्वेन्सीवरून ओळखतं, आणि फ्रिक्वेन्सी ठरते त्या जागच्या चुंबकीय क्षेत्रावर. १.५ टेस्लाच्या मशीनचं क्षेत्र पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या काही दहा हजार पट असतं आणि ते कमालीचं एकसारखं ठेवलेलं असतं. त्यात टायटॅनियमचा स्क्रू आला की त्याच्याभोवतीचं क्षेत्र किंचित वाकतं. सिग्नल बरोबर येतो पण पत्ता चुकतो. पेठेतल्या अरुंद गल्लीत जीपीएस तुम्हाला शेजारच्या वाड्यात दाखवतं ना, तसं. काही सिग्नल तर विरूनच जातात आणि चित्रात काळं भोक पडतं.

इथे एक गोष्ट उलटी आहे आणि घरच्यांना माहीत असलेली बरी. '३ टेस्लाचं नवीन मशीन' ऐकून आपल्याला वाटतं की ते जास्त चांगलं. पाठीत धातू असेल तर ३ टेस्लावर बिघाड वाढतो. १.५ टेस्लाचं मशीन आणि धातूसाठीचे खास सीक्वेन्स, हे कॉम्बिनेशन बऱ्याचदा जास्त कामाचं.

रेडिएशनचा हिशोब

आपल्याकडे बरेच पेशंट याला 'शेक' किंवा 'लाइट' म्हणतात. नाव साधं, हिशोब अवघड. एसबीआरटीमध्ये गाठीला, उदाहरणार्थ, दोन दिवसांत मिळून २४ ग्रे इतका डोस देतात. २०२१ मध्ये 'लॅन्सेट ऑन्कॉलॉजी'त आलेल्या एका अभ्यासात असा डोस घेतलेल्यांपैकी ३५ टक्क्यांचं दुखणं तीन महिन्यांनी पूर्ण थांबलेलं होतं. साध्या पद्धतीने पाच दिवसांत २० ग्रे घेतलेल्यांत हेच प्रमाण १४ टक्के होतं. पण मज्जारज्जूला तेवढा डोस सहन होत नाही आणि तो गाठीपासून काही मिलिमीटरवर असतो. डोस इतक्या कमी अंतरात झपकन खाली आणायचा असतो. म्हणून मज्जारज्जूची कडा नेमकी कुठे आहे हे स्कॅनवर काढता आलं पाहिजे. कडा पट्ट्यांत हरवली तर दोन पर्याय उरतात. मज्जारज्जूच्या बाजूने जास्त जागा सोडा, म्हणजे गाठीचा काठ कमी डोसवर सुटतो. नाहीतर धोका घ्या. शहाणा डॉक्टर पहिलं करतो, आणि नेमका तिथूनच कॅन्सर परत यायला वाव राहतो.

दुसरी बाब म्हणजे प्लॅनिंगचं सॉफ्टवेअर सीटीतल्या आकड्यांवरूनच ठरवतं की किरण कुठे किती अडतील. तो मगाचा कापलेला ३०७१ आठवतो? सॉफ्टवेअरने तो खरा धरला तर हिशोब चुकणार. म्हणून मेडिकल फिजिसिस्ट लोक हाताने स्क्रूची बाह्यरेषा काढतात, 'हे टायटॅनियम आहे' असं सांगतात, पट्ट्यांच्या जागी 'हे साधं मांस समज' असं भरतात. हे काम तासन्‌तास चालू शकतं. शिवाय धातूच्या मागे डोसची सावली पडते आणि पुढच्या बाजूला किरण उलटे फिरून डोस किंचित वाढतो.

नेहमीच्या फोटॉन रेडिएशनमध्ये हे सांभाळून घेता येतं. प्रोटॉनमध्ये प्रकरण गंभीर होतं. प्रोटॉनचा गुण हाच, की तो ठरावीक खोलीपर्यंत जातो, तिथे बहुतेक ऊर्जा सोडतो आणि थांबतो. पुढे जवळजवळ शून्य. पण ही खोली वाटेत काय आलं यावर ठरते. १ सेंटिमीटर टायटॅनियम प्रोटॉनला सुमारे ३ सेंटिमीटर पाण्याइतकं अडवतं. मणक्याचा रॉड साधारण ५.५ मिलिमीटर जाड असतो, म्हणजे सुमारे १७ मिलिमीटर पाणी. श्वासाने किंवा मांडणीत किरण रॉडच्या थोडा बाजूने गेला तर तो सेंटिमीटरभर पुढे जाऊन थांबेल, आणि पुढे मज्जारज्जू असू शकतो.

स्वित्झर्लंडच्या पॉल शेरर इन्स्टिट्यूटने २०११ मध्ये कॉर्डोमा या मणक्याच्या दुर्मीळ कॅन्सरच्या ४० रुग्णांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. सगळ्यांनी प्रोटॉन घेतलेले. पाठीत टायटॅनियमची जोडणी नसलेल्यांत पाच वर्षांनी गाठ ताब्यात असल्याचं प्रमाण १०० टक्के होतं, जोडणी असलेल्यांत ३० टक्के. आकडा हादरवणारा आहे, पण घाई नको. ज्यांना स्क्रू लागले त्यांची गाठ मुळातच मोठी आणि ऑपरेशन अवघड असण्याची शक्यता जास्त. त्यामुळे सगळा दोष धातूवर टाकता येत नाही. तरी या क्षेत्रातले लोक धातूला पर्याय शोधायला का लागले, ते यावरून कळतं. हा प्रश्न आपल्यापासून लांबचाही नाही. टाटा मेमोरियलच्या खारघरच्या ॲक्ट्रेक केंद्रात आता प्रोटॉन थेरपी आहे, चेन्नईत ती २०१९ पासून आहे.

हे मटेरियल आहे तरी काय?

नाव कार्बन फायबर असलं तरी निम्मं श्रेय प्लॅस्टिकचं आहे. कार्बनचे धागे, केसापेक्षा कितीतरी बारीक, ५ ते १० मायक्रॉनचे. स्वेटरच्या ॲक्रिलिक लोकरीच्या जातीचा पॉलिमर घेऊन, हवेचा संपर्क टाळून हजार अंशांच्या वर तापवला की बाकीचं उडून कार्बन उरतो. हे धागे ज्या प्लॅस्टिकमध्ये बसवतात त्याचं नाव पीक. शेतातलं नव्हे, पॉली-ईथर-ईथर-कीटोन. ब्रिटनच्या आयसीआय कंपनीने १९७८ च्या सुमारास ते तयार केलं. ३४३ अंशांपर्यंत वितळत नाही, निर्जंतुक करताना वाफ सहज सोसतं आणि शरीर ते खपवून घेतं.

दोन मणक्यांच्या मधे ठेवायचे कार्बन फायबरचे छोटे पिंजरे १९८० च्या दशकाच्या शेवटीच आले होते, अमेरिकन सर्जन जॉन ब्रँटिगन यांच्या कामातून. स्क्रू आणि रॉडची पूर्ण जोडणी मात्र बरीच नंतर, मुख्यतः गेल्या दशकभरात रुळली. स्वित्झर्लंडची आयकोटेक आणि इस्रायलची कार्बोफिक्स ही त्यातली दोन ठळक नावं.

इंजिनिअर म्हणून मला यातली सर्वांत आवडलेली गोष्ट अशी. धातू सगळ्या दिशांना सारखाच कडक असतो. कार्बन-पीक लाकडासारखं आहे, धाग्यांच्या दिशेने कडक आणि आडवं तेवढं नाही. त्यामुळे धागे कुठे, कसे घालायचे यावर त्याचा कडकपणा ठरवता येतो. टायटॅनियमचा कडकपणा सुमारे ११० गिगापास्कल, हाडाच्या बाहेरच्या टणक थराचा १५ ते २०. इम्प्लांट हाडापेक्षा फारच कडक असेल तर भार तोच उचलतो आणि हाड आळशी होतं, किंवा स्क्रू हाडात हलत हलत सैल होतो. कार्बन-पीक हाडाच्या जवळ आणता येतं. शिवाय वारंवार वाकण्याने येणारा थकवा ते चांगला सोसतं. कॅन्सरमध्ये हे महत्त्वाचं, कारण रेडिएशन घेतलेलं हाड लवकर जुळत नाही आणि इम्प्लांटला बराच काळ एकट्याने भार पेलावा लागतो.

आता दुसरी बाजू

जाहिरात वाचून 'मग सगळ्यांना हेच बसवा' असं वाटेल. थांबा.

टायटॅनियमचा रॉड सर्जन ऑपरेशन टेबलवरच वाकवून पाठीच्या बाकाप्रमाणे करतात. कार्बनचा रॉड असा वाकत नाही, जबरदस्ती केली तर धागे तुटतात. आधीच ठरावीक बाक दिलेले रॉड घ्यावे लागतात आणि स्क्रू त्या रॉडला जुळतील असे बसवावे लागतात. दोन-चार मणक्यांची जोडणी असेल तर जमतं, लांबलचक आणि वाकड्या पाठीला कठीण. स्क्रू पिळताना जास्त जोर लागला तर तो तुटू शकतो, म्हणून आधी भोक नीट पाडून घ्यावं लागतं.

न दिसण्याचाही तोटा आहेच. ऑपरेशन चालू असताना सर्जनला स्क्रू कुठे चाललाय हे एक्स-रेवर दिसायला हवं असतं, आणि हा तर दिसतच नाही! म्हणून त्यात टँटलम धातूच्या छोट्या खुणा घालतात किंवा आट्यांवर टायटॅनियमचा अगदी पातळ थर देतात. या थराचं आणखी एक काम असतं. नुसत्या पीकला हाड नीट चिकटत नाही, टायटॅनियमला चिकटतं. म्हणजे ज्याला हाकलायचं होतं त्यालाच मायक्रॉनांच्या मापात परत बोलावलंय. आणि स्क्रू पक्का बसावा म्हणून बोन सिमेंट भरलं असेल तर ते एक्स-रेवर दिसावं म्हणून त्यात मुद्दाम जड पदार्थ मिसळलेला असतो, म्हणजे तो पांढरा ठिपका कार्बन स्क्रूबरोबरही राहतोच.

खर्च टायटॅनियमपेक्षा बराच जास्त. आणि सर्वांत महत्त्वाचं, पुरावा. चित्र स्वच्छ येतं आणि डोसचा हिशोब सुधारतो हे पक्कं आहे. आतापर्यंतच्या अभ्यासांत स्क्रू सैल होण्याचं किंवा तुटण्याचं प्रमाण साधारण टायटॅनियमसारखंच दिसतं. पण कार्बनमुळे रुग्ण जास्त जगतात, असं सिद्ध झालेलं नाही. उपलब्ध अभ्यास बहुतेक छोटे आणि जुन्या नोंदी चाळून केलेले आहेत.

मग कुणाला खरा उपयोग? माझं मत असं, आणि वाचल्यावर, दोन डॉक्टरांशी बोलल्यावर बनलेलं. ज्यांना ऑपरेशननंतर एसबीआरटी किंवा प्रोटॉन घ्यायचा आहे, ज्यांचा कॅन्सर औषधांनी वर्षानुवर्षं ताब्यात राहू शकतो आणि म्हणून दर काही महिन्यांनी त्याच जागेचं स्कॅन होत राहणार आहे, त्यांच्यासाठी हा पर्याय विचारण्यासारखा आहे. ज्यांना फक्त दुखणं कमी करायला एकदाच ८ ग्रेचा साधा डोस द्यायचाय, त्यांना कार्बनचे जादा पैसे भरून हाती फारसं काही लागत नाही. आणि पाय लुळे पडत असतील तर इम्प्लांटच्या ब्रँडसाठी एक दिवसही थांबू नये. टायटॅनियम तयार असतं, ते घालून मोकळं व्हावं.

घरातल्या कुणाची अशी सर्जरी ठरली असेल तर ऑपरेशनआधी सर्जन आणि रेडिएशनचे डॉक्टर एकमेकांशी बोलले आहेत का, हे विचारा. हा एक प्रश्न मटेरियलच्या प्रश्नापेक्षा मोठा आहे. 'नंतर कुठलं रेडिएशन, आणि त्याला धातू आडवा येईल का' हे दोघांनी मिळून ठरवायचं असतं. कार्बन घ्यायचं ठरलं तर मेडिक्लेममध्ये इम्प्लांटची मर्यादा किती ते लेखी घ्या. आणि डिस्चार्जच्या वेळी इम्प्लांटचे स्टिकर किंवा कार्ड मागून घ्या, फोटो काढा, घरच्या ग्रुपवर टाका. त्यावर मटेरियल आणि साइझ असते. दोन वर्षांनी दुसऱ्या शहरात स्कॅन करताना हीच माहिती लागते. आमच्याकडे हे कार्ड नव्हतं. एमआरआयवाल्यांनी विचारल्यावर बाबा म्हणाले, "स्टीलच असेल."

आत्याची नंतर पाठीत औषध सोडून सीटी केली. त्याला मायलोग्राम म्हणतात, मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यात रंगद्रव्य सोडतात म्हणजे धातूच्या गोंगाटातही त्याची कडा दिसते. मग पेट-सीटी. पहिल्या रिपोर्टपासून उत्तर मिळेपर्यंत अकरा दिवस गेले. गाठ नव्हती. खालचा डावा स्क्रू सैल झाला होता, सीटीत त्याच्याभोवती बारीक काळं कडं दिसत होतं. मी फोन करून सांगितलं तर आत्या म्हणाली, "अरे, मग एवढंच होतं तर आधीच सांगायचं ना."